सातवा कोनाडा

त्या शहराच्या मुख्य चौकातला टाऊन हॉल मी दोनदा पाहिला आहे. एकदा दुबईत आणि एकदा त्या शहरात. दुबईतला जास्त चांगला आहे. तिथे एसी आहे, पार्किंग आहे आणि डोक्यावर कबुतरं शिटत नाहीत. शहराचं नाव मी सांगणार नाही. युरोपातलं एक बऱ्यापैकी जुनं शहर, एवढं पुरे. तिथल्या नगरपालिकेत भांडणांची कमी नाही असं मला पुढे कळलं, त्यात आपली भर नको.

दुबईतला टाऊन हॉल बांधला सगुण धुरी यांनी. कागदोपत्री तो एका कंपनीने बांधला, तिच्या डोक्यावर कन्सल्टंट होता, त्याच्या डोक्यावर मॉलचा मालक. उद्घाटनाच्या फोटोत बावीस माणसं आहेत, त्यांत धुरीकाका नाहीत. पण लोक मान वर करून जे बघतात आणि ज्याच्याखाली उभं राहून मुलांचे फोटो काढतात, ते बारा पुतळे त्यांच्या हातचे आहेत.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका फॅक्टरीत मी ड्राफ्टिंगला होते. शारजाहून रोज कंपनीच्या व्हॅनने जायचं, दिवसभर रेघा मारायच्या आणि संध्याकाळी केसांतून जिप्समची पावडर झाडत घरी यायचं. फॅक्टरीत नकली गोष्टी होत असत. फायबरचे रोमन खांब, जिप्समचे देवदूत, व्हिलाच्या गेटवर बसणारे सिंह. एकदा तर आम्ही वाळवंटात ठेवायला फायबरचे दगड केले होते, कारण तिथले खरे दगड क्लायंटला पुरेसे खरे वाटत नव्हते.

धुरीकाका तिथे हेल्पर म्हणून लागले. वेंगुर्ल्याकडचे, पन्नाशीला टेकलेले, किडकिडीत, कानावर पेन्सिल आणि खिशात एक टूथब्रश. टूथब्रश दातांसाठी नव्हता. त्याचा दांडा घासून त्यांनी कोरणी केली होती. गावाला त्यांची तीन पिढ्यांची गणपतीची चित्रशाळा होती. चतुर्थीला चारशे घरी त्यांच्या हातचा गणपती बसायचा, आणि उरलेले दहा महिने धुरीकाका गणपतीच्याच भरवशावर असायचे. म्हणून गल्फ.

व्हिसावर 'लेबर' लिहिलं होतं, त्यामुळे पहिले आठ महिने त्यांच्याकडून पोती उचलून घेतली. मग एक दिवस ट्रकमध्ये चढवताना सिंहाचं तोंड फुटलं. क्लायंट दुपारी माल न्यायला येणार, साचा करणारा सुट्टीवर, आणि मॅनेजर कुरियन साहेब डोक्याला हात लावून बसलेले. धुरीकाकांनी पोतं खाली ठेवलं, खिशातला टूथब्रश काढला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सिंहाला नवं तोंड दिलं. सिंह आधी डरकाळी फोडत होता. आता तो आरतीला उभा असल्यासारखा शांत, प्रसन्न, किंचित हसरा झाला. क्लायंटने तो घेतला आणि आणखी चार तसेच मागितले. त्या दिवसापासून काका 'मास्टर' झाले. व्हिसावर शेवटपर्यंत 'लेबर'च राहिलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "डोळे शेवटी." मूर्ती कितीही पूर्ण होवो, डोळे अगदी शेवटी, आंघोळ करून, कुणाशी न बोलता. कुणी घाई केली की म्हणायचे, "आधी डोळे उघडले तर देव आपलो पसारो बघतलो आणि उठान चलतलो." हा नियम ते सगळीकडे लावायचे. कुरियन साहेबांनी पगारवाढीचं कबूल केलं तरी, "डोळे उघडाक नाय अजून." मुलीचं लग्न जमत आलंय असं पत्र आलं तरी तेच. माझ्या ड्रॉइंगवर सही करतानासुद्धा ते कागद आधी उलटा करून बघायचे, उलट्यात चूक लवकर दिसते म्हणून.

अशात टाऊन हॉलचं काम आलं. दुबईतल्या एका नव्या मॉलला फूड कोर्टसाठी युरोपातला चौक हवा होता. चौकाला टाऊन हॉल हवा, म्हणून हा निवडला. का निवडला, देव जाणे. क्लायंटच्या ऑफिसात त्याचं कॅलेंडर लटकलेलं होतं असं मी ऐकलं. त्या कामावर चाळीसएक माणसं होती, केरळची, पेशावरची, सिंधुदुर्गातली, एक लेबनीज कन्सल्टंट. त्यांतल्या एकानेही ती बिल्डिंग पाहिलेली नव्हती. आमच्याकडे चौदा फोटो होते आणि कन्सल्टंटचा उत्साह होता.

फोटोंवरून ड्रॉइंग मी केलं. दर्शनी भिंतीवर बारा कोनाडे. मधल्या बाल्कनीच्या डावीकडे सहा, उजवीकडे सहा. प्रत्येक कोनाड्यात एकेक गृहस्थ, झगा घातलेले, हातात पुस्तक नाहीतर तराजू. आमच्या धंद्यात एकच गोष्ट अनेकदा येत असली की एकदाच काढतात आणि शेजारी लिहितात, 'टिपिकल'. मी एक कोनाडा काढला, एक पुतळा काढला आणि लिहिलं, 'टिपिकल, बारा नग'. हे लिहायला मला चार सेकंदं लागली असतील.

धुरीकाकांना 'टिपिकल' मंजूर नव्हतं. "बारा माणसा एकाच तोंडाची कशी आसतली? बारा भाव आसले तरी नाय." त्यांनी भिंगातून एकेका फोटोतला एकेक चेहरा शोधला. आधी मातीत घडवायचं, मग साचा, मग फायबर. उम्म अल कुवैनच्या उन्हात माती तासात तडकायची, म्हणून प्रत्येक गृहस्थाला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं असे. सकाळी शेडमध्ये गेलं की सुतकात बसल्यासारखी ती मंडळी दिसायची.

पहिला तयार झाला तेव्हा कन्सल्टंट आला. पुतळ्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, "मास्टर, द आइज. ओरिजिनलमध्ये बुबुळं नाहीत. ब्लँक."

मी भाषांतर केलं. काका त्याच्याकडे दयेने बघत राहिले. "साहेबाक सांगा, तेंचो कारागीर डोळे उघडुच्या आधी गेलो आसतलो. काम अर्धा रवला. आपण पुरा करुया."

मी इंग्रजीत सांगितलं की हा मास्टरचा स्पेशल फिनिश आहे, एक्स्ट्रा चार्ज नाही. कन्सल्टंटने घड्याळ बघितलं. "यल्ला, अप्रूव्हड." अशा रीतीने त्या शहराच्या पूर्वजांना दृष्टी मिळाली.

गाडं अडलं सातव्यापाशी. बाल्कनीतून एक झेंडा बाहेर काढलेला होता, आणि वारा त्या गावात बहुधा एकाच दिशेने वाहत असावा. चौदाच्या चौदा फोटोंत झेंडा सातव्या कोनाड्यावर फडकत होता. ऑफिसात इंटरनेट होतं, फोनला जोडून चालणारं. त्यावर एक फोटो पाऊण तास ओळीओळीने उतरला. झेंडा तिथेही होता, फक्त जास्त धूसर.

"कोई भी बना दो, मास्टर," कुरियन साहेब म्हणाले. "कौन देखने जाएगा?"

काका दोन दिवस नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर ते डोळे मिटून काम करत होते. दोन्ही हात मातीच्या चेहऱ्यावर, अंगठा हनुवटीखालून वर कानापर्यंत फिरतोय. बाकीच्यांना आठ-आठ दिवस लागले होते, हा संध्याकाळपर्यंत झाला. लांबोडा चेहरा, बसके गाल, डाव्या भुवईवर खोक. झगा युरोपातला, पण मान थोडी पुढे काढलेली, समोरच्याचं ऐकू न आल्यासारखी.

"हा कोण?" मी विचारलं.

"सातवो."

"काका."

त्यांनी हात धुतले. मग मालवणी बाजूला ठेवून, वकिलासमोर बसल्यासारखं सावकाश म्हणाले, "वडील माझे. चाळीस वर्षं देव केले त्यांनी, मॅडम. एक फोटो नाही त्यांचा. काढायचा काढायचा म्हणून राहिला. शेवटची दोन वर्षं हात थरथरायचे, तर दाढी मी करायचो. चेहरा मला डोळ्यांनी आठवत नाही. हाताला आठवतो." आणि लगेच, "कोणाक सांगू नकात."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगून समजलंही नसतं. ज्या माणसाने चारशे घरी देव पाठवले, त्याला स्वतःच्या बापाला उभं करायला दुबईतला फूड कोर्ट मिळाला, हे कुरियन साहेबांना हिंदीतून कसं सांगणार?

पुतळे बसवायच्या दिवशी काका नारळ घेऊन साइटवर आले. सेफ्टीवाल्याने अडवलं. काकांनी नारळ हेल्मेटमध्ये झाकून आत नेला. सातवा कोनाड्यात चढला तेव्हा खाली उभं राहून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला असं मोठ्याने सांगतात आणि जमलेले प्रत्येक वाक्याला होकार देतात.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याचो जो कोण मूळ धनी आसात..."

"होय म्हाराजा!" सिंधुदुर्गातले दोघे ओरडले.

"तेचा तोंड आमका दिसाक नाय, बावटो आड इलो. म्हणान आमी आमचो माणूस उभो केलो. चूक झाली आसली तर पोटात घाल रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" आता मचाणावरचा पेशावरचा खानही ओरडला. त्याला मोठ्याने ओरडायला कुठलंही कारण पुरायचं.

मॉल उघडला. गर्दी लोटली. काका पहिल्या शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि सातव्यासमोरचं टेबल धरून बसले. चहा चार दिरहम, म्हणजे पन्नास रुपये, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. तरी दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा गेले. आणि त्या दिवशी घात झाला.

एक म्हातारी गोरी बाई नवऱ्याबरोबर आली. टाऊन हॉल बघून टाळ्या पिटू लागली. त्याच गावची असावी. बोटाने मोजत मोजत सातव्याशी आली आणि थांबली. नवऱ्याला कोपराने ढोसलं, सातव्याकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि दोघं पोट धरून हसली. फोटोही काढला.

शनिवारी काका माझ्या टेबलाशी आले आणि हे सगळं सांगितलं. तोंड उतरलेलं. "मॅडम, तो दुसरोच कोणतरी आसा."

"अहो, तिला काय माहीत?"

"तिका माहिती होता. ती मोजीत इली." मग म्हणाले, "मी कोणाची तरी जागा खाल्लंय. कोणतरी मोठो माणूस आसतलो, राजा नायतर न्यायाधीश. तेका उठवन मी माझ्या बापाशीक बसयलंय. बापूस आयुष्यात कोणाच्या पाटार बसाक नाय."

मी हसण्यावारी नेलं. ते माझं चुकलं. त्यांच्यासाठी तो फायबरचा पुतळा नव्हता. पंगतीत दुसऱ्याच्या पाटावर बसणं हीच जिथे बेअदबी, तिथे त्यांनी गेलेल्या बापाला परक्या देवळात दुसऱ्याच्या जागी नेऊन बसवलं होतं, आणि तो बापाचा एकुलता एक चेहरा होता. काढून टाकावा तर बाप जातो. ठेवावा तर बाप चोर ठरतो.

त्यानंतरची वर्षं जे काही वाईट झालं ते सातव्याच्या खाती गेलं. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, सातवा. चित्रशाळेवर माड पडला, सातवा. कुरियन साहेबांची बदली होऊन त्याहून वाईट मॅनेजर आला तोही सातव्यामुळे. फॅक्टरी उम्म अल कुवैनहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात हलली तेव्हा मॉल जवळ आला, म्हणून काका जवळजवळ दर शुक्रवारी जाऊ लागले. टेबल तेच. पण आता ते सातव्याकडे पाठ करून बसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तेच्या डोळ्याक डोळो कसो लावचो? डोळे मीच उघडलंय."

मी तोवर ती नोकरी सोडली होती. नवऱ्याची बदली अबू धाबीला झाली, आम्ही खलिफा सिटीत राहायला गेलो. काकांचा महिन्याकाठी फोन येई. चौकशी माझ्या मुलाची, प्रश्न एकच. "तिकडे जायचा काय ठरला? गेलात तर तेवढा बघून येवा."

अखेर गेलो. नव्या शतकाची तीन-चार वर्षं झाली होती. नऊ दिवसांत सात शहरांची टूर होती, सकाळी पोहे, रात्री पुरणपोळी, मध्ये युरोप. त्या शहराच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली होती आणि त्यांतली पंचवीस चॉकलेटच्या दुकानासाठी राखीव होती. बसमधून उतरून मी चौकात शिरले आणि जागीच थांबले. सगळं ओळखीचं. प्रत्येक खिडकीची माझ्याकडे मापं होती. फक्त ते दुप्पट मोठं, काळवंडलेलं आणि जरा थकलेलं होतं. वरची मंडळी बिनडोळ्यांनी चौकात बघत होती. काकांचे बारा बघितल्यावर मला ती खरंच अर्धवट वाटली.

मी डावीकडून मोजत आले. सहा. बाल्कनी. आणि झेंडा.

झेंडा फडकत होता, सातव्या कोनाड्यावर, इमानदारीने. मी तिथे उभी राहिले. नवरा दुकानातून हाका मारत होता. मुलगा माझी बाही ओढत होता. "आई, इट्स जस्ट अ वॉल. कॅन वी गो?"

"थांब. वारा पडू दे."

टूर मॅनेजरने शिट्टी वाजवली. मी ढिम्म हलले नाही. धुरीकाकांच्या सगळ्या शुक्रवारांचा हिशेब माझ्या मानेवर बसला होता. मग एकदाचा वारा पडला, झेंडा लोंबकळला, आणि कोनाडा दिसला.

आत एक कबूतर बसलं होतं. बाकी काही नव्हतं.

शेजारी एक गाइड बाई जपानी मंडळींना काही सांगत होती. मी मधेच घुसून विचारलं, तिथला पुतळा कुठे गेला? ती हसली. मॉलमधली ती म्हातारीही अशीच हसली असणार. म्हणाली, तिथे पुतळा कधी नव्हताच. अकरा बसले, या उरलेल्या जागी कुणाच्या पूर्वजाला बसवायचं यावर नगरपालिकेत एकमत होईना. पिढ्यानपिढ्या वाद चालला, तो अजून चालूच आहे. गावात ती एक मोठी गंमत आहे. मला तर अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी मॉल गाठला. काका त्यांच्या टेबलावर होते, भिंतीकडे पाठ, पुढ्यात चहा. केस पांढरे झाले होते. त्या महिन्याअखेर त्यांचा व्हिसा कॅन्सल होणार होता, ते कायमचे गावी चालले होते. मला बघून उठायला लागले.

"बसा, काका. बघून आले."

त्यांनी कप खाली ठेवला. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, ऑपरेशनच्या आधी ठेवतात तसे. "कोण आसा?"

"कुणी नाही."

"म्हणजे?"

"कोनाडा रिकामा आहे. पहिल्यापासून रिकामा. कुणाला बसवायचं यावर त्यांचं भांडण मिटलं नाही. ती बाई म्हणून हसली होती. तिच्या गावात जे कधी जमलं नाही ते तुम्ही करून बसला होता."

मी फोटो पुढे केला. त्यांनी तो उलटा करून बघितला, मग सुलटा. कबुतरावर बोट टेकवलं.

"मगे मी कोणाक उठवूक नाय," अगदी हळू म्हणाले.

"नाही उठवलंत. जागा मोकळीच होती."

त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही. मग मला राहवेना. परतीच्या वाटेवर जे गिळून बसायचं ठरवलं होतं ते मी बोलून टाकलं. "काका, चूक माझी होती. मी पुतळे मोजलेच नव्हते, कोनाडे मोजले. बारा दिसले, बारा लिहिले. अकरा लिहायला हवे होते. तुम्हाला उगाच हा घोर लागला."

धुरीकाकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं, ब्लँक डोळ्यांबद्दल ऐकून त्या कन्सल्टंटकडे पाहिलं होतं तसं.

"तुमी अकरा लिवलां असतात," ते म्हणाले, "तर माझो बापूस खंय रवतलो होतो?"

त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. उठले. खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी निघाले तेव्हा ते मान वर करून बघत होते आणि चहा तसाच निवत होता.